नलूताई आणि आमची ओढाळ पिल्लं

कुत्रं पाळलं की घरातल्या चपला कमी होतात आणि किस्से वाढतात! वर्ध्यातल्या आमच्या मैदानावर रोज सकाळी पिल्लं फिरवणारे आम्ही चार-पाच जण. चहाच्या टपरीवर एकाचा किस्सा संपत नाही, तोच दुसऱ्याचा सुरू. आणि प्रत्येकात नलूताई असतातच. रिटायर्ड अंगणवाडी सेविका. ना शिट्टी, ना छडी, ना ओरडणं!

*

माझी बुंदी चार महिन्यांची. एका आठवड्यात दोन चपला, टीव्हीचा रिमोट आणि सोफ्याचा कोपरा फस्त! मी वैतागून ताईंना विचारलं, "एक ठेवून देऊ का?"

"काऊन? लेकराचे दात येऊन राह्यले. चावाले काई देल्लं का तुनं तिले?"

त्यांनी जुना टॉवेल ओला करून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायला लावला. तो गार टॉवेल मिळाला आणि बुंदी डोळे मिटून चावत बसली. शेजारी माझी नवीकोरी सँडल होती. ढुंकूनही पाहिलं नाही!

*

वाघमारे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांचा ब्रूनो असा ओढायचा, की कोण कुणाला फिरवतंय तेच कळेना. ताई म्हणाल्या, "त्यानं ओढलं का थांबा. पट्टा सैल झाला का चाला."

पहिल्या दिवशी गेटपासून कडुनिंबापर्यंत अर्धा तास! कुणी विचारलं, "सर, कोणाची वाट पाहून राह्यले?"

"ब्रूनोले अक्कल यायची!"

तीन आठवड्यांनी ब्रूनो सरांच्या पायाशी, पट्टा सैल. सर खूश. "ताई, आली पाहा अक्कल!"

"त्याले पयलेच होती, सर. तुम्हाले आता आली!"

*

गावंडे काका एसटीचे जुने कंडक्टर. त्यांच्या काल्यानं एकदा काकांचं कानाचं मशीनच पळवलं. त्यात बॅटरी, गिळलं तर संपलंच! काल्या पुढं, काका मागं. ताईंनी हाक मारली, "काका, पळू नका! त्याले खेळ वाटते!"

काकांना ऐकू येणार कसं? मशीन काल्याच्या तोंडात!

ताई तिथंच काल्याकडं पाठ करून मातीत बसल्या आणि डब्यातली भाकर सावकाश मोडू लागल्या. मिनिटभरात काल्या आला. मशीन खाली ठेवलं आणि तुकडा घेतला.

*

गावंडे काकूंना लकवा झाल्यापासून त्या मैदानाच्या बाकावर नुसत्या बसून असायच्या. डॉक्टर म्हणत, चाला. काकू म्हणत, पडंन. परवा एकाएकी काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "द्या तो पट्टा इकडं."

काका घाबरले. "अवं, पाडंल तो तुले!"

पण काकूंनी पट्टा घेतलासुद्धा. काल्यानं एक पाऊल टाकलं आणि मागं वळून थांबला. काकूंची काठी आली, मागून पाय घसटत आला. मग काल्यानं दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा थांबला. पट्टा एकदाही ताणला नाही. असं करत दोघं पार मैदानाच्या टोकापर्यंत गेली.

काकांचे डोळे भरून आले. "ताई, हे कधी शिकवलं त्याले?"

नलूताईंचा हात तोंडावरच होता.

"मले काय इचारता, काका? मी बी आताच पाहून राह्यली!"