हयातीवाले काका

"दुसरा फोटो न्हाई का, सर?" पेपरात हैतीची बातमी आली की काका तिच्यावर बोट ठेवून हेच विचारायचे. बातमीसोबत ढिगारा तरी असायचा, नाहीतर बंदूकवाली पोरं. मी म्हणायचो, छापणारा मी आहे का? ते मान हलवून पान उलटायचे.

तुम्ही बदनापूरचे असाल तर आमच्या शाळेच्या फाटकावर त्यांना पाहिलं असेल. निमलष्करी दलातून निवृत्त झालेले, शाळेत पहारेकरी. नोकरीत असताना शांतिसेनेबरोबर ते हैतीला जाऊन आले होते. गावानं ऐकलं 'हयाती', आणि तेच नाव चिकटलं. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी बँकेत गेले की कारकून हटकून विचारायचा, "काका, दाखला हयातीचा का हैतीचा?"

"माझा लिव्हा. हैती बिलकुल जित्ती हाय, तिला दाखला न्हाई लागत."

मधल्या सुट्टीत छेडलं की सुरू व्हायचे. "आपल्याकडं पेशवाई होती ना सर, तव्हा तिथल्या गुलामांनी मालकाला हाकलून सोताचं राज्य केल्तं. हे कोन छापतं?" मग गोष्ट यायची छावणीच्या दाराशी तळलेली केळी विकणाऱ्या बाईची. ती यांना भाऊ म्हणायची. तिची मुलगी कॉलऱ्यानं गेली. तो कॉलरा शांतिसेनेच्याच एका छावणीतल्या घाणीनं नदीत उतरला होता. "माझी छावणी न्हवती ती," काका म्हणायचे, "पन टोपी तीच होती, निळी."

गेल्या वर्षी शाळेत देशोदेशीचं प्रदर्शन भरलं. हैतीच्या तक्त्यावर मी ढिगारा आणि वाडगं धरलेलं पोर चिकटवलं. काका घरून एक फोटो घेऊन आले. तीच बाई आणि तिची मुलगी, मुलगी जाण्याआधीचा.

"गावाकडं दाखव म्हनली व्हती ती. दाखवतो म्हनून आल्तो मी. हा लावा, सर."

पाहुणे यायची वेळ झाली होती. मी ओझरतं पाहिलं आणि म्हणालो, "काका, यात हैती कुठं दिसते? पोरांना ओळखू आली पाहिजे ना."

हे मी बोललो. इतकी वर्षं त्यांचं ऐकून हे बोललो.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले, आणि फोटो खिशात ठेवून फाटकावर गेले.

दिवाळीनंतर काका गेले, हृदयविकारानं. भेटायला गेलो तेव्हा काकूंकडे मी तो फोटो मागितला. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "शाळेनं न्हाई घेतला म्हनले व्हते ते. मला वाटलं, कोनालाच नको हाय. मंग चितेवर त्यांच्यासंगं ठिवला मी."

परवा पेपरात पुन्हा हैती आली. मी सातवीच्या वर्गात पेपर बाजूला ठेवला आणि त्या मायलेकींचं सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ती पोरगी कशी होती दिसायला?"

मी खडू धरून उभा राहिलो. ती आईच्या शेजारी उभी होती की कडेवर होती, एवढंही मला सांगता येईना.