मॅक्स पेनचा आकडा

एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या मंगळवारी पांढरकवड्याच्या घरी मी आणि माझा साळा, दोघंच होतो. त्याचे मोटारपंपासाठी ठेवलेले बारा हजार एका कॉल ऑप्शनमध्ये होते, म्हणजे बाजार बंद होताना शेअर निर्देशांक ठरलेल्या भावाच्या वर असला तरच पैसे; सध्या तो दीडशे अंक वर होता. मी मॅक्स पेन काढला, म्हणजे ज्यावर ऑप्शन घेणाऱ्यांना एकूण सर्वात कमी मिळतं तो भाव; मुदत संपताना निर्देशांक तिकडेच सरकतो, असं म्हणतात. नेमका साळ्याच्या ऑप्शनचाच भाव निघाला.

"इकून टाक," मी म्हटलं.

"भाऊजी, तुमचा हिशेब म्हंजे पंचांग!"

दुपारी काही बातमी नसताना निर्देशांक उतरू लागला, न हाकता गुरं गोठ्याकडे वळावीत तसा.

"याले कोन ओढून राह्यलं?" साळा हळूच म्हणाला.

शेवटी तो त्या भावाच्या दोन अंक खाली थांबला. साळ्याला एक रुपयाही मिळाला नाही. त्याचे बारा हजार गेले, ते ऑप्शन विकणाऱ्या कुणा अनोळख्याकडे.