तळघरातल्या तीन पट्ट्या

दिवाळीच्या साफसफाईत मी एका डोंगराचं तोंड बंद केलं होतं. फ्रँकफर्टमधल्या माझ्या नातवंडांना हे खरं वाटत नाही, कारण त्यांनी मला तेविसाव्या वर्षी पाहिलेलं नाही. दोन वेण्या, सासूबाईंनी दिलेलं लोखंडी उलथनं आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री, एवढं सामान घेऊन मी जर्मनीत उतरले होते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. हे डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होते; विषय, डोंगर घसरतो कसा. नवा ऑटोबान, म्हणजे मोठा महामार्ग, जिथे डोंगर कापत पुढे चालला होता, तिथल्या एका गावात आम्ही एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायचो. घर उतारावर, मागे डोंगर आणि डोंगरात सकाळी सातपासून खोदणारी यंत्रं. फळीवरच्या कपबश्या दिवसभर एकमेकींशी कुजबुजायच्या.

तळघराच्या मागच्या भिंतीला उभी भेग होती. ह्यांनी तिच्यावर प्लास्टरच्या तीन आडव्या पट्ट्या थापून प्रत्येकीवर तारीख कोरली होती. पट्टी अखंड, म्हणजे डोंगर जागेवर. पट्टी तडकली, म्हणजे डोंगर खाली यायला निघाला. मग ह्यांनी साइटवर कळवायचं, खोदकाम बंद आणि घर रिकामं. हे त्यांनी मला नीट समजावलं होतं. मी तेव्हा भजी तळत होते आणि "हो हो" म्हणाले होते.

दिवाळीच्या आठवड्यात हे प्रोफेसरांकडे डार्मश्टाटला गेले आणि मी घर घासायला काढलं. तळघरात कोळसा, बटाटे, मुरंब्याच्या बरण्या आणि भिंतीवर त्या ओबडधोबड पट्ट्या. मधलीवर केसासारखी चीर. डॉक्टर व्हायला निघालेत आणि साधं प्लास्टर कालवता येत नाही, असं म्हणत मी तिन्ही उलथन्याने खरवडल्या, भेग लिंपली, भिंतीला चुन्याचा हात दिला. वर विटेच्या भुकटीने कमळही काढलं. स्वतःवरच खूश होऊन दहा मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिले.

शुक्रवारी दुपारी हे आले ते बूटही न काढता थेट खाली गेले.

"अगं, पट्ट्या कुठायत?"

"काढल्या. दिवाळी आहे ना, अहो!"

ते कमळाकडे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "अखंड होत्या ना? तिन्ही?"

आत्ता कुठे मला ती भजी आठवली, आणि ती तळताना ह्यांनी सांगितलेलं सगळं. चीर मीच पाडली असं ह्यांना वाटेल, या धास्तीने मी शहाणी म्हणाले, "हो. अगदी अखंड."

त्यांनी तसं वहीत लिहिलं, नव्या पट्ट्या थापल्या आणि सोमवारी खोदायला हरकत नाही असं साइटवर कळवलं.

शनिवारी पाऊस लागला. बाईंच्या मागच्या खोलीत त्यांच्या आईचं अक्रोडाचं कपाट होतं, चार माणसं लागतील असं जड. त्याचं दार आपोआप उघडायला लागलं. बाईंनी लावलं की ते पुन्हा सावकाश उघडायचं.

"आईला काहीतरी सांगायचंय," बाई हसून म्हणाल्या. मी लाडू वळत होते. लाडू हातातच फुटला.

रविवारी तळघराचं दार चौकटीला घासायला लागलं. "पावसाने लाकूड फुगतं," हे म्हणाले. त्यांच्या वहीत तिन्ही पट्ट्या अखंड होत्या ना! मी तोंड उघडलं आणि चहा हवा का, एवढंच विचारलं.

सोमवारी हे साइटवर गेले. सातला यंत्रं सुरू झाली आणि मला वर बसवेना. खाली जाऊन पाहिलं तर नव्या तिन्ही पट्ट्या दुभंगलेल्या. माझं कमळ मधोमध फाटून त्याची उजवी बाजू बोटभर खाली उतरली होती.

मी चपलांनिशी चिखलातून धावत सुटले. साइटवर सगळ्या कामगारांदेखत ओरडले, "थांबवा हो! चीर आधीच होती! मी खोटं बोलले!" तेही मराठीत. पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं. यंत्रं थांबली.

बाईंना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. "कपाट, माझं कपाट," त्या म्हणत होत्या, पण आता कुणालाही आत सोडत नव्हते. दुपारी डोंगराने मागची भिंत आत लोटली आणि कपाटाची खोली तळघरात बसली. आवाजही फार झाला नाही. शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी, तेवढाच.

आठवड्याने मी लाडवांचा डबा घेऊन बाईंच्या बहिणीकडे गेले. माफीची जर्मन वाक्यं पाठ केली होती, दारातच विसरले. बाईंनी डबा घेतला, मला बसवलं, कॉफी ओतली आणि म्हणाल्या,

"आल्झो, हे बघ, तू माझा जीव वाचवलास असं सगळे सांगतात, ते खरंच आहे. पण शुक्रवारी बोलली असतीस तर शनिवारी चार माणसं बोलावून आईचं कपाट बाहेर काढलं असतं मी. साखर किती घालू?"