लग्नपत्रिकेच्या अक्षरातली वेबसाइट

रविवार कारंज्याजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. बायको गेली, आणि पुढे मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिच्या लग्नाची पत्रिका मीच तयार केली होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

दोन हजार सालानंतर घरोघरी इंटरनेट यायला लागलं, तेव्हा मला वेबसाइटचं वेड लागलं. घरची खबरबात मराठीत लिहायची, मुलीने तिकडे वाचायची, एवढाच उद्योग. माझ्या वयाची माणसं तेव्हा गुडघ्यांना तेल लावत होती. मी फॉन्ट निवडत होतो.

आणि निवडला तो कसा? पत्रिकेवर नवरानवरीच्या नावांना वापरायचो तो. भरदार, वळणदार, वेलांटीला नथीसारखा बाक. त्यात ‘आज भेंडी आणली’ असं लिहिलं तरी भेंडीचं लग्न ठरल्यासारखं वाटे. रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा. मी विचारायचो, “पाहिलंस का?” ती म्हणायची, “पाहिलं बाबा. छान झालंय.”

पुढे एकदा कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेलो होतो. मालक ओळखीचा, म्हटलं, जरा मिरवावं. साइट उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टिंबं, नुसता चिवडा.

“काका, की-बोर्डवरून उंदीर गेला का?” मालक म्हणाला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर कागदावर छापत आलेल्या माणसाची ही चूक. कागद मनमाडला जावो की पेठ गावाला, अक्षर त्याच्याबरोबर जातं. वेबसाइटवर अक्षर बरोबर जात नाही. वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आधीच असावा लागतो. माझा फॉन्ट माझ्या दुकानात होता, आणि बहुतेक फक्त तिथेच.

मी खिशातून फ्लॉपी काढून कॅफेतल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकला. मग शेजारच्या कॅफेत टाकला, मग समोरच्या. कॉलेज रोडवर माझं लेखन आता स्वच्छ दिसत होतं. तिथे ते वाचणारं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रविवारी मुलीला खरं विचारलं. मग तिने सांगून टाकलं.

“मी ऑफिसात बघते ना, तिथे फॉन्ट टाकू देत नाहीत. आकडे तेवढे नीट दिसतात. नवी तारीख दिसली की कळायचं, बाबा बसून लिहितायत. म्हणजे बरे आहेत.”

“मग छान छान काय म्हणत होतीस?”

“छानच वाटायचं.”

पुढे युनिकोड आला, कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी अक्षर ओळखता येईल अशी सोय. कॉम्प्युटरबरोबर फुकट मिळणारा एक साधा मराठी फॉन्ट होता, तो जवळपास सगळीकडे दिसायचा. काय त्याचं रूप! हडकुळा, मान वाकडी. या अक्षरात पत्रिका छापली तर वरपक्ष मांडवातून परत जाईल. पण भरवशाचा. जुना मजकूर त्यात आपोआप येईना, म्हणून मी सगळी पानं पुन्हा टाइप करायला घेतली.

भेंडी झाली, नळाचं पाणी झालं, शेजारच्यांचं कुत्रं झालं. मग एक पान आलं आणि हात थांबला. नथीच्या वेलांट्यांत ते पान बरं दिसत होतं. हडकुळ्या अक्षरात दोन ओळी टाइप केल्या, आणि कोणी उघड्या अंगाने रस्त्यावर उभं करावं तसं झालं. त्या ओळी पुसल्या. ते पान जुन्याच फॉन्टमध्ये राहू दिलं. म्हटलं, एका चिवड्याने काय बिघडतंय?

रविवारी फोन आला.

“बाबा, सगळं वाचलं! कुत्र्याचं तर ह्यांनाही वाचून दाखवलं. पण एक पान अजून तसंच आहे हो, कंसबिंस.”

“अगं, राहिलं असेल.”

“तो फॉन्ट मला पाठवा ना. आता घरी कॉम्प्युटर घेतलाय.”

“जुना झाला तो. आता कशावर चालत नाही.”

“तुमच्याकडे दिसतंय का ते पान?”

खोटं बोलायला हवं होतं. पण पान समोरच उघडं होतं. “दिसतंय,” मी म्हणालो.

“मग तुम्हीच वाचा. मी ऐकते.”

फोनची वायर जेमतेम टेबलापर्यंत पोचायची. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला.

“आज पेठहून एक गिऱ्हाईक आलं होतं,” मी वाचायला लागलो. “त्यांनी पहिलाच फॉन्ट पसंत केला. तरी मी त्यांना दुसरा दाखवला, मग तिसरा दाखवला. ते म्हणाले, अहो, पहिलाच चांगला आहे. मी म्हटलं, बसा हो, चहा येतोय. ते उठले असते तर मला दुकान बंद करून घरी जावं लागलं असतं.”

इथवर वाचून मी पान बंद करायला माउसकडे हात नेला.

“पुढे वाचा ना, बाबा,” ती म्हणाली.