वेल्डरकडून ताल शिकणारे साहेब

मंडळी, आज शुक्रवार, ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या कॅम्पला सुट्टी. मेसमध्ये घानाचा वेल्डर क्वामे त्याच्या गावाकडचा ढोल वाजवत होता आणि आमचे ब्रिटिश सेफ्टी ऑफिसर डेव्हिड गिटारवर साथ करत होते. डेव्हिड सारखे चुकत होते. जेवणारे हसायला लागले.

मी म्हणालो, "सर, खलास! राहू द्या आता."

"नाही," म्हणत त्यांनी गिटार बाजूला ठेवली. "क्वामे, मला आधी टाळ्यांवर ताल शिकव."

सगळ्या साइटला शिस्त लावणारा हा माणूस वेल्डरसमोर मांडी घालून बसला. तासाभराने ताल सापडला आणि दोघांनी अख्खं गाणं वाजवलं.

गावी मी भीमगीतांना ढोलकी वाजवायचो. इथे आल्यापासून चुकण्याच्या भीतीने हातच लावला नाही. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्यासोबत बसणार, ठरलं!

तुम्ही काय अर्धवट सोडलंय?