समोरचा शुक्र

सूर्य बुडाल्यावरही मावळतीला एक तांबूस कड बराच वेळ रेंगाळत असे, आणि तिच्यावर तिरप्या रांगेत पाच ग्रह... बुध अगदी खाली, बाभळीच्या शेंड्याला टेकलेला, त्यावर शुक्र, मग मंगळ, शनी आणि सगळ्यांत उंच गुरू. निमगाव साव्यातला दोन हजार दोनचा चैत्र मला आठवतो तो असा – कांद्याच्या वाळत्या पातीचा उग्र वास, कांदा साठवायच्या बराखीभोवती उडणारी टरफलं, आणि पाणी मारूनही ऊन ऊन राहिलेलं अंगण.

मी तेव्हा दहा वर्षांची, आणि भलतीच शिष्ट. गुरुजींनी ही रांग फळ्यावर काढून दाखवली होती. ते ज्ञान पाजळायला मी सगळं घर अंगणात गोळा केलं. अलकाआत्या, वडिलांची धाकटी बहीण, भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच आली. तिचं लग्न माघात झालेलं. अंगाची हळद निघते न निघते तोच नवऱ्याला पलटणीतून बोलावणं आलं आणि ती माहेरी परतली. आता ते आठ दिवसांच्या रजेवर शिनोलीला, आपल्या घरी, येणार होते. आत्याची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती.

"आणि हा शुक्र!" मी बोट दाखवलं.

आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "शुक्र? मावळतीला? नीट बघ गं."

"शुक्रच हाय, तात्या. गुरुजींनी सांगितलंय."

"मंग झालं! शिनोली बी तिकडंच. समोर शुक्र असताना नवी नवरी सासरी धाडत न्हाईत."

हा नियम घरात सगळ्यांना ठाऊक होता. शुक्र कुठे आहे, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं. आत्यानं हाताचं पीठ झटकत माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी 'चुकले' म्हणाले असते, तरी भागलं असतं. पण चुकले म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. आजही फारसं नाही.

रजा संपत आली तेव्हा जावई स्वतः आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पिशवीत सुके जर्दाळू. ओसरीवर चहा झाला.

"मामा, रविवारी पलटणीत परत निघायचंय मला."

"पावणं, आमाला का हौस हाय? पर शुक्र..."

जावयांनी कपबशी खाली ठेवली आणि ते उठले. आत्या दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही. तशी रीतच होती. ते गेले, ट्रंक खाटेखाली गेली. जर्दाळू सगळ्यांत जास्त मी खाल्ले.

दिवाळीनंतर शुक्र हटला आणि आत्या सासरी गेली. पुढे मी कधीही शिनोलीला गेले, की तिचा ठरलेला गजर – "आली बघा जोशीणबाई! माझं आठ दिस खाल्लं हिनं, जेवाय वाढू नका!" फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, पोट धरून हसायचे, आणि पहिलं ताट मलाच मिळायचं.

गेल्या साली फुवा वारले. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. मावळतीला शुक्र लखलखत होता. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

"त्योच न्हवं का?" आत्यानं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"लई वर्सं मिळाली गं त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "पर ते आठ दिस तेवढं राहून गेलं."