जोडलेल्या हातांचा फोटो

नवऱ्याची चंदीगडला बदली झाली तेव्हा पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळीबार व्हायचा. नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. मी नगर जिल्ह्यातली, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. निघताना आमच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "जिथे जाशील तिथे प्रभूची साक्ष दे. त्याची करुणा लोकांना कळू दे." मी हो म्हटलं. ते हो म्हणताना माझ्या मनात काडीइतकीही शंका नव्हती.

चंदीगडमध्ये आम्ही कुठलेच नव्हतो. मराठी मंडळातल्या बायका चांगल्या होत्या, हळदीकुंकवाला न विसरता बोलवायच्या, पण माझ्यापाशी आल्यावर करंडा पुढे करायचा की नाही यावरून त्यांचा दरवेळी गोंधळ व्हायचा. मग मी जाणंच कमी केलं. चर्चमध्ये सगळे पंजाबी, थोड्या केरळच्या नर्स. उपासना हिंदीत, गाणी पंजाबीत, ढोलकीवर. तिथल्या महिला संगतीत मी रमले. संगतीच्या अध्यक्षबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आवाज करडा, कामाचा उरक दांडगा.

दिल्लीत शिखांची कत्तल झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथून निघून आलेल्या बायका मोहालीत येऊन राहिल्या. अर्धवट बांधून सोडलेल्या घरांत, खिडक्यांना पोती लावून. आमच्या संगतीने रजया गोळा केल्या. मीही घरातली एक चांगली रजई दिली. टेम्पो भरून आम्ही मोहालीला गेलो, वाटेत पोलिसांनी एकेक रजई उलगडून पाहिली.

पोचल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी प्रार्थना, मग रजया. आधी वाटल्या तर एकही बाई थांबणार नाही."

मी म्हटलं, "थंडी प्रार्थना संपेपर्यंत थांबते का?"

"तुम्ही महाराष्ट्रातल्या. इथली सेवा कशी चालते ते तुम्हाला कळायला वेळ लागेल."

बायका उघड्या जमिनीवर बसल्या, डोक्यावर ओढण्या घेऊन. अध्यक्षबाईंनी त्यांना सांगितलं की जे घडलं त्यामागेही परमेश्वराची योजना आहे, तो कनवाळू आहे, आज ना उद्या त्याचा अर्थ कळेल. मग हात जोडायला, डोळे मिटायला सांगितलं. संगतीने फोटोवाला आणला होता. त्याने पुढे जाऊन फोटो काढले. मग रजया वाटल्या.

पुढच्या रांगेत बसलेली एक बाई रजई घेऊन लगेच गेली नाही. माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, "भैणजी, शिवणाचं काही काम मिळेल का?" तिचा नवरा दिल्लीत खाटा विणायचा. नवरा आणि थोरला मुलगा दोघेही गेले होते. उरली होती म्हातारी सासू आणि शाळेत जायच्या वयाची मुलगी.

संगतीकडे दान आलेलं एक शिलाई मशीन पडून होतं. मी भांडून ते तिला मिळवून दिलं आणि दर शनिवारी बसने मोहालीला जाऊ लागले. सलवार-कमीज तिला माझ्यापेक्षा चांगले जमायचे, मी तिला फ्रॉक आणि शाळेचे गणवेश शिकवले. हळूहळू तिला शेजारपाजारची कामं मिळू लागली. पहिले काही शनिवार आम्ही कापडापलीकडे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला धीरच होत नव्हता. साक्ष द्यायची म्हणजे काय सांगायचं या बाईला?

एकदा तिनेच विषय काढला. मशीन थांबवून म्हणाली, "तुमच्या येशूलाही लोकांनीच मारलं ना?"

"हो."

"त्याची आई होती तिथे?"

"होती. समोर उभी होती."

"तिला कुणी येऊन सांगितलं का, की यामागे देवाची योजना आहे?"

मी आठवून पाहिलं. लहानपणापासून तो भाग शेकडो वेळा ऐकला होता, पण असा प्रश्न कधी मनात आला नव्हता. "नाही," मी म्हटलं. "तसं कुणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवू लागली.

त्या दिवशी मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. येशूचा एक मित्र वारला होता, त्याच्या बहिणी रडत होत्या आणि कबरीपाशी येशूही रडला.

"रडला? देव असून?"

"रडला."

तिने सासूकडे वळून ते पंजाबीत सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी कुठलं पुस्तक दिलं नाही, कुठे ये म्हटलं नाही. पुढे अनेक शनिवार ती मला येशूच्या गोष्टी विचारत राहिली. आंधळ्याची, विहिरीवरच्या बाईची. मग मला वाडग्यातून गरम दूध द्यायची. आजही मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी जर कधी प्रभूची करुणा कुणाला सांगितली असेल तर ती तेवढीच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला संगतीची मासिक पत्रिका छापून आली. पहिल्याच पानावर तो फोटो. मिटलेले डोळे, जोडलेले हात आणि पुढच्या रांगेत ती, चेहरा अगदी स्पष्ट. खाली लिहिलं होतं की दिल्लीच्या दुःखी भगिनींनी प्रभूचा स्वीकार केला.

मी अध्यक्षबाईंच्या घरी गेले. म्हटलं, "हे खरं नाही. कुणीही काही स्वीकारलेलं नाही."

"हात जोडले होते ना?"

"त्या गुरुद्वारातही जोडतात. पुढच्या अंकात चूक झाली म्हणून छापा."

"आणि देणाऱ्या लोकांना काय सांगायचं? पुढच्या हिवाळ्यात रजया आकाशातून पडणार का?"

मग तिथल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांकडे गेले. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बहनजी, अशाने सेवेचं नुकसान होईल." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हे बघ, आपण इथे परके. दोन-तीन वर्षांनी जाणार. कशाला वाढवतेस?"

पत्रिकेचा एक अंक मोहालीत कुणाच्या तरी हाती पडला. कसा, ते मला कधी कळलं नाही. पुढच्या शनिवारी मी गेले तर दार बंद होतं. शेजारणीने हळू आवाजात सांगितलं की मोटारसायकलवरून दोन तरुण आले होते. त्यांनी तिला दारात उभं करून फोटो दाखवला, धर्म कितीला विकलास म्हणून विचारलं आणि पुन्हा येऊ म्हणून गेले. त्या दिवसांत तसल्या लोकांनी पुन्हा येऊ म्हणण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

मी तिथूनच त्यांच्या गुरुद्वारात गेले. तिथले ग्रंथी, म्हणजे ग्रंथसाहिबाचं पठण करणारे, वयस्कर होते. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. रजया, फोटो, खालचा मजकूर. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"बीबीजी, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "ती रोज इथे येऊन भांडी घासते. तिने काही सोडलेलं नाही."

"मग तुम्ही त्या मुलांना सांगा ना."

"ज्यांना सांगायला हवं, ते आता माझं ऐकत नाहीत. तुमच्याकडचे तुमचं ऐकतात का?"

त्यांनी मला लंगरमध्ये जेवायला बसवलं. वाढलेलं सगळं मी खाल्लं.

परत तिच्या घरापाशी आले. या वेळी दार थोडं उघडलं. ती फटीत उभी राहिली. मागे झाकलेलं मशीन दिसत होतं.

"भैणजी, हे मशीन घेऊन जायला सांगा."

"ते तुझं आहे. त्याच्यावर तुझं घर चालतं."

"ते दिसलं की लोक विचारतात, कुणी दिलं." मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण आता येऊ नका."

मी वळणार एवढ्यात तिने विचारलं, "तो कबरीपाशी रडला होता, ते तरी खरं का? की तेही या फोटोसारखंच?"

"खरं आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला पटलं की नाही, ते कळायच्या आत दार लागलं.

पुढच्याच आठवड्यात संगतीचा माणूस जाऊन मशीन घेऊन आला. अध्यक्षबाईंनी सभेत सांगितलं की काही लोक वचन ऐकतात पण छळ झाला की मागे फिरतात. बायकांनी माना हलवल्या. मी उठून बाहेर आले. माझ्यामागे कुणी आलं नाही. ते मशीन नंतर चर्चच्या कोठारात गंजत पडलेलं मी पाहिलं. महिनाभराने शेजारीण बाजारात भेटली, म्हणाली, ते कुटुंब गेलं, बहुतेक लुधियानाकडे. पत्ता कुणालाच देऊन गेले नव्हते. का दिला नाही, ते मी विचारलं नाही.

आमची बदली व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. तोवर मी उपासनेला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि गाणी सुरू झाली की ओठ मिटून घ्यायचे. माझा विश्वास गेला असं नाही. गेला असता तर सोपं झालं असतं, राग कुणावर धरायचा हा प्रश्न तरी मिटला असता.

आता आम्ही पुण्यात असतो. इथल्या महिला मंडळीत कधीतरी कुणी म्हणतं, तुम्ही त्या दिवसांत पंजाबात होतात, एकदा साक्ष द्या ना, देवाची करुणा तिथे कशी पाहिलीत ते सांगा. मी घसा बरा नाही म्हणते. त्या बिचाऱ्या मला आल्याचा काढा आणून देतात.